मूड बोर्डात चारशे बारा चित्रे, पण आमची मानस त्यात कुठेच दिसत नाही

मानशीकडची (चोडण)

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. ॲनिमेशनचा कोर्स संपवून दोन वर्षे झाली. दिवसा पणजीत जाहिरातींसाठी मोशन ग्राफिक्स करते आणि रात्री घरी बसून माझी स्वतःची पहिली फिल्म. साडेतीन मिनिटांची, टूडी, हाताने काढलेली. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी २५२० चित्रे होतात आणि काढणारी मी एकटी. त्यामुळे रंग, उजेड, पोत सगळे आधी पक्के करायचे आणि मगच पहिली रेघ ओढायची असे ठरवले होते.

गोष्ट पावसाळ्यातल्या एका रात्रीची आहे. माझे आजोबा मानशीवर बसले आहेत. खाजन शेती न पाहिलेल्यांसाठी सांगते: शेताला नदीपासून राखणारा जो बांध असतो त्यातले दार म्हणजे मानस. भरतीच्या रेट्याने ते मिटते, म्हणून खारे पाणी भातात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते आणि शेतात साचलेले पाणी नदीला जाते. त्या वाहत्या पाण्याच्या तोंडाशी जाळे लावून सुंगटे (कोळंबी), काळुंदर असे मासे धरतात. फिल्ममध्ये आजोबांबरोबर सहा वर्षांची नात हट्ट करून आली आहे. दार उघडताना तिला बघायचे आहे. दोघे ओहोटीची वाट बघतात, तिला झोप लागते आणि दार उघडते तेव्हा ती झोपलेली असते. एवढीच गोष्ट. ती नात मीच, आणि आजोबा आता नाहीत.

अडचण मूड बोर्डाची, म्हणजे फिल्मचे रंग-उजेड ठरवायला जमवलेल्या चित्रांच्या फळ्याची आहे. तीन महिने पिंटरेस्टवरून चित्रे जमवते आहे, काल मोजली तर ४१२ झाली. ओल्या रस्त्यांवर पडलेला निऑनचा उजेड, कागदी कंदिलांच्या रांगा, डोंगरउतारावरची धुक्यातली भातशेती. एकेक बघताना जीव हरखतो. पण त्यावरून तीन स्टाइल फ्रेम (फिल्म कशी दिसेल त्याची नमुना चित्रे) रंगवल्या (खाली जोडल्या आहेत) तर तिन्ही तीन वेगळ्या फिल्ममधल्या वाटतात. कामावरच्या एका मैत्रिणीला दाखवल्या. ती म्हणाली, "सुंदर आहेत. कुठल्या देशातली गोष्ट आहे?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

गोव्याचा पाऊस म्हणून शोधले तर किनारे, दूधसागर आणि पणजीतल्या फोन्तेन्यश वाड्याच्या रंगीत भिंती मिळतात. चोडणची रात्र मिळत नाही. चित्रे किती ठेवावीत आणि कशावरून निवडावीत? मी स्वतः काढलेले फोटो फार साधे येतात, ते बोर्डात घालावेत का? कोणी आपल्या गावातूनच बोर्ड उभा केला असेल तर कृपया सांगा.

खांडेपारकर

मी अजून शिकतो आहे, त्यामुळे थोडेच सांगतो. प्युअररेफ हे संदर्भचित्रे मांडायचे सॉफ्टवेअर वापरत नसलीस तर वापर. सगळी चित्रे एका मोठ्या पाटावर पसरून ठेवता येतात आणि एका कळीने सगळी काळी-पांढरी करून बघता येतात. माझ्या बोर्डात मला वाटायचे की रंग जुळत नाहीत. काळे-पांढरे केल्यावर कळले की अर्ध्या चित्रांत मधले राखाडीच जास्त आणि अर्ध्यांत नुसता काळोख व लख्ख पांढरे. रंग जुळवण्याआधी ते जुळवायला हवे होते. तुझ्या तीन फ्रेमचेही तसेच दिसते. दुसरी फ्रेम रात्रीची वाटतच नाही, ढगाळ दुपारची वाटते.

तीसच्या वर चित्रे ठेवू नयेत असे आम्हाला शिकवतात. मला पंधरावरच पुरे होते.

जुना ब्रश (माशेल)

बाय, आधी हे सांगतो की तुझी गोष्ट वाचून फार बरे वाटले. मानशीवर कोणी फिल्म करते आहे हे मी आज पहिल्यांदा ऐकले. मुंबईत बावीस वर्षे मी बॅकग्राउंड रंगवले, आधी पोस्टर कलरने कागदावर, मग टॅबलेटवर. आता गावी असतो.

चित्रे ४१२ झाली म्हणून काही बिघडले नाही. त्या चित्रांना तू विचारलेस काय, तिथे गाडी अडली आहे. 'पावसाळी रात्र' असे विचारले तर जगातल्या सगळ्या पावसाळी रात्री येणारच. बोर्डाच्या माथ्यावर एक वाक्य लिही आणि ते त्या पोरीच्या मनातले लिही. मला तुझ्या गोष्टीवरून ते असे ऐकू येते: झोप येते आहे आणि झोपायचे नाही. आता हे वाक्य हातात धरून एकेक चित्र बघ. निऑनचे रस्ते टक्क जागे आहेत, ते जातील. कंदिलांच्या रांगांत उत्सव आहे, त्याही जातील. झोपेला आलेल्या पोराला काय दिसते ते आठव. कडा विरघळतात, जवळचा एकच उजेड मोठा होत जातो, लांबचे झाड, बांध, आकाश सगळे एका रंगात जाते. हे ज्या चित्रात असेल ते ठेव, मग ते दुधाच्या पेल्याचे का असेना.

दुसरे. तुझ्या बोर्डात मूड आणि माहिती यांचा काला झाला आहे. मानशीचे दार कसे बसवलेले असते, फळ्या किती, चिऱ्यांचा बांध कुठे संपतो नि मातीचा कुठे सुरू होतो, जाळे कशाला बांधतात, ही माहिती झाली. तिची फाइल वेगळी कर. तिथे चित्रे शंभर असली तरी चालतील, उलट हवीतच, कारण दार चुकीचे काढलेस तर चोडणचा माणूस पहिल्या सेकंदाला ओळखेल. पण माहितीचे चित्र मूड बोर्डात आले की डोळा फळ्या मोजायला लागतो आणि रंग बघायचे विसरतो.

आता तुझ्या साध्या फोटोंविषयी. घाल, जरूर घाल, पण फोनवर विश्वास ठेवू नकोस. फोन आपल्या मनाने पांढरे ते पांढरे करू बघतो. कंदिलाचा पिवळा धुऊन टाकतो, संध्याकाळचा निळा पुसतो, नाइट मोडमध्ये तर काळोखच उजळून देतो. तुझ्या फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ५५०० केल्विनच्या आसपास बांधून ठेव आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढ. मग जे येईल ते निदान डोळ्याच्या जवळचे असेल.

त्याहून बरी गोष्ट म्हणजे पोस्टर कलरच्या पाच बाटल्या आणि पोस्टकार्डाएवढे जाड कागद घेऊन बांधावर जा. चित्र काढू नकोस. पाचच ठिपके लाव: आकाश, पाणी, बांध, झाडी आणि जो असेल तो उजेड. कडेला वेळ लिही. काळोख दाटला की कागदावरचा रंग कळत नाही, तेव्हा ते पाच रंग डोक्यात धरून घरी ये आणि दिव्याखाली लाव. पहिले चार-पाच कागद चुकतील. मी माशेलच्या तळ्यावर एका पावसाळ्यात साठ कागद केले होते, त्यातले नऊ आजही काढून बघतो. एक जाडा मेणखडू आणि पातळ कागदही ने. चिऱ्यावर कागद ठेवून खडू घासला की त्याची भोके, खडबड सगळी कागदावर उतरते. तो पोत स्कॅन करून थेट रंगाखाली वापरता येतो. चिरा कोरडा असताना नारिंगीकडे झुकतो आणि भिजला की जांभळट तपकिरी होतो, हेही एकदा शेजारी शेजारी रंगवून ठेव.

जाताना भरती-ओहोटीचे कोष्टक बघून जा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा लागते, म्हणजे काळोख पडताना दार उघडण्याचा योग पंधरवड्यात थोडेच दिवस येतो. ते दिवस चुकवू नकोस.

सवड काढून मोरजीला मोरजाईच्या देवळातली कावी बघून ये. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा वर काढतात. रंग दोनच, आणि त्यांत वेली, पक्षी, देव सगळे मावते. रात्रीची बॅकग्राउंड मी पुढे याच रीतीने करू लागलो. अख्खी फ्रेम आधी गडद भरायची आणि उजेड खोडरबराने खरवडून काढायचा. क्रिटा या चित्रे रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होते. वरून पिवळा लावत बसलो की उजेड चिकटवलेला दिसतो. तुझ्या तिसऱ्या फ्रेममध्ये तसे झाले आहे.

आमच्या धंद्यातले एक उदाहरण मला कायम आठवते. १९४१ मध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या काही कलाकारांना घेऊन दक्षिण अमेरिकेला गेले, त्यांत मेरी ब्लेअर होत्या. तिथले बाजार, कपडे, घरे बघून त्यांनी जे रंगवले त्यात त्यांचे रंगच पालटले, सपाट, निर्भीड, एकमेकांना भिडलेले. पुढे दहाएक वर्षे त्या स्टुडिओच्या कामावर त्या रंगांचा ठसा राहिला. त्यांना समुद्र ओलांडून जावे लागले. तुला फेरीबोटसुद्धा चढायची नाही.

शेवटी मला एक सांग. तुझ्या आजोबांकडे उजेड कसला होता? पेट्रोमॅक्स असेल तर उजेड पांढरा, कडक, सावल्या कातरल्यासारख्या. कंदील असेल तर तांबूस पिवळा आणि चार पावलांवर संपणारा. तिन्ही फ्रेममध्ये तू नारिंगी दिवा काढला आहेस, पण तो कुठून आला ते तुला ठाऊक आहे असे वाटत नाही. घरात कोणाला आठवत असेल तर विचार. हे कळेपर्यंत एकही रंग नक्की करू नकोस.

मानशीकडची (चोडण)

दादा, तुमचे वाचून लगेच आजीकडे गेले. ती शिजलेल्या भाताचे पाणी काढत होती. मी विचारले, आजोबा मानशीवर कसला दिवा न्यायचे? तिने सांगितले ते जसेच्या तसे लिहिते.

कंदील होता. त्याची काच एका बाजूने काजळीने काळी झालेली. ती दर आठवड्याला राख लावून पुसायची, पण आजोबा तिला ती बाजू पुसू द्यायचे नाहीत. मानशीवर बसले की काळी बाजू स्वतःकडे करायचे, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही आणि पुढचे पाणी दिसते.

म्हणजे त्या रात्री त्यांचा चेहरा उजेडात नव्हताच. मी तिन्ही फ्रेममध्ये त्यांचा चेहरा समोरून पिवळा रंगवला आहे. मी त्यांच्या शेजारी बसलेली होते आणि मला हे आठवत नव्हते. देव बरें करूं, दादा.

माटोळीवाली (फोंडा तालुका)

मला ॲनिमेशनमधले काही कळत नाही. मुलगा शिकतो, त्याने वाचायला दिले. पण तुमचा बोर्ड म्हणजे आमच्या माटोळीसारखाच दिसतो, म्हणून लिहिते.

चवथीला गणपतीच्या वर आम्ही माटोळी, म्हणजे फळाफुलांचे छत, बांधतो. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांबरोबर बांधत होते, आता मीच बांधते. आधी चौकट टांगायची. मग जड वस्तू, नारळ, चिबूड, केळ्यांचा घड, सुपारीची शिपटी (घोस), या चौकटीच्या जोडांवर बांधायच्या, नाहीतर मध्ये झोळ पडतो. त्यानंतर आंबाडे, कांगले, घागऱ्या, तोरिंगे अशी लहान फळे-शेंगा. कवंडळाचे फळ तांबडेलाल असते. ते मिळाले म्हणून दहा लावायचे नाही, एक किंवा दोन. सगळ्या हिरव्यात नजर तिथेच जाते, म्हणून ते कुठे लावायचे यावर सासरे सगळ्यात जास्त वेळ घालवायचे. एकदा मी घाईत दाराजवळच्या कोपऱ्यात लावले. आल्या गेल्या माणसाची नजर दाराकडे जायची, गणपतीकडे जायचीच नाही. त्यांनी ते काढून बरोबर मूर्तीच्या माथ्यावर आणले.

सासऱ्यांची दुसरी खोड म्हणजे बाजारातून काही आणले की विचारायचे, हे कुठल्या रानातले? आपल्या रानात त्या आठवड्यात जे मिळेल ते लावायचे आणि न मिळेल त्याची जागा मोकळी ठेवायची. मोकळी जागा त्यांना खटकत नसे, बाहेरून आणून भरलेली खटके.

आणि बाय, माटोळी खालून बघायची असते. बांधताना आम्ही दर थोड्या वेळाने जमिनीवर पाठ टेकून बघतो. तू तो बोर्ड संगणकात ठेवतेस, तो छापून भिंतीवर लाव. येता जाता, भांडी घासून उठताना, झोपताना नजरेला पडू दे. जे डोळ्याला टोचेल ते काढ.

रेघोटी (मडगाव)

वरचे सगळे पटले, फक्त नेटवरची चित्रे सरसकट टाकून देऊ नकोस. त्यातली काही खरोखर तुझी झालेली असतात. ती ओळखायला मी असे करते: बोर्ड बंद करते, दोन दिवस उघडत नाही आणि मग वहीत आठवणीने लिहिते की त्यात काय काय होते. शंभरातली सात-आठ आठवतात. ती ठेवते, बाकीची हटवते. आठवलेल्या चित्राचे वर्णन आणि मूळ चित्र यांत फरक पडला असेल तर मी माझ्या वर्णनाप्रमाणे रंगवते. फिल्म त्याचीच होते.

हल्ली शोधात एआयने बनवलेली चित्रेही पुष्कळ येतात. उजेडाच्या अभ्यासाला ती घेऊ नकोस. दिवा एकीकडे आणि सावली भलतीकडे असे त्यांत वारंवार सापडते, आणि तुझी तर फिल्मच एका कंदिलावर उभी आहे. पुढे बोर्ड कुठे जाहीर दाखवणार असशील तर दुसऱ्यांची चित्रे काढून दाखव, ती त्यांच्या मालकीची आहेत.

मानशीकडची (चोडण)

सतरा दिवसांनी लिहिते आहे. पाऊस थांबेना, शिवाय ओहोटी आणि काळोख एकत्र येण्याची वाट बघत होते.

४१२ मधली रेघोटीताईंच्या युक्तीने नऊ आठवली. त्यांतली दोन भिंतीवर राहिली: एक वाफ धरलेल्या खिडकीचे आणि एक पाण्यात अर्धी बुडालेली दोरी. बाकी बोर्ड घरचा आहे. बांधावर चार संध्याकाळी गेले. ठिपक्यांचे कागद बावीस झाले, त्यांतले तीन लावले आहेत. सव्वासातचा, पावणेआठचा आणि एक साडेआठचा, ज्यात पाच ठिपके आहेत पण रंग दोनच दिसतात. मला वाटत होते रात्र निळी असते. आमच्याकडची ढगाळ रात्र निळी नाही, ती शेवाळी आहे, जुन्या तांब्याच्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखी. हे मी २३ वर्षे बघत होते आणि माझ्या एकाही फ्रेममध्ये नव्हते.

चिऱ्याची खडूची छाप आहे. आजोबांच्या कांबळीचा तळहाताएवढा तुकडा आजीने स्वतः कापून दिला. फोनवर दीड मिनिटाचा आवाजही टिपला आहे. बेडूक ओरडत असतात, दार हलते तसे जवळचे गप्प होतात आणि लांबचे ओरडत राहतात. तो भिंतीवर लावता येत नाही, पण रंगवताना कानात असतो. त्यावरून शेवटच्या शॉटचा वेळ ठरला. आधी चार सेकंद ठेवला होता, आता अकरा आहे.

माटोळीवाल्या मावशींचे ऐकून बोर्ड खाटेच्या वर, छताच्या वाशाला दोरीने टांगला आहे. तांबड्याची एकच वस्तू ठेवली, नातीच्या केसातली रिबन, आणि तिची जागा अजून हलवते आहे.

मधोमध एक जागा रिकामी आहे, आजोबांच्या चेहऱ्याची. काळी बाजू त्यांच्याकडे, म्हणजे थेट उजेड नाही. जो काही येईल तो पाण्यावरून उलटून, खालून. तो कसा दिसतो हे मला कुठल्याच चित्रात सापडत नाही आणि मनाने काढला तर चेहरा भुतासारखा दिसतो. दादा, हे कसे करू?

जुना ब्रश (माशेल)

साडेआठचा कागद तेवढा मला पाठव, बघायचा आहे.

चेहऱ्यासाठी कोणाला तरी खुर्चीवर बसव. समोर खाली पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेव. परात नको, तिचा तळ चमकतो आणि उजेड फार येतो. लोखंडी कढई घे, तिचा तळ नदीसारखा काळा आहे. कंदील कढईच्या पलीकडे, आणि माणूस व ज्योत यांच्या मध्ये काळा पुठ्ठा, पण पाण्यावरचा उजेड अडणार नाही असा. घरातले बाकी दिवे बंद. मग एका बोटाने पाणी हलव.

उजेड हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या कडेला आणि भुवयांच्या खाली पडेल. चेहरा भुतासारखा होतो तो उजेड स्थिर आणि कडक काढल्यामुळे. पाण्यावरून आलेला उजेड मऊ असतो आणि एका जागी राहत नाही. त्याचे सहा-आठ तुकडे वेगळ्या थरावर काढ आणि दोन-दोन फ्रेम धरून फिरवत राहा, चेहऱ्याची रेघ मात्र हलवू नकोस. डोळ्यांत चमकीचे पांढरे टिंब देऊ नकोस. दार उघडते तेव्हा पाणी जोरात हलेल, त्या वेळी एकदाच डोळ्यांपर्यंत उजेड पोचू दे.

मानशीकडची (चोडण)

कढई घेतली. आजीच समोर बसते म्हणाली. कंदील माळ्यावर होता, तोही तिने खाली काढून राख लावून पुसून दिला. एक बाजू तशीच ठेवली आहे.